‘लवकर संपला’ ही तक्रार की दाद?

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहतो, वय २७. दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करतो. गेलं दीड वर्ष रात्री जागून एकट्याने एक छोटा कॉम्प्युटर गेम बनवला आणि दोन महिन्यांपूर्वी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात १९९ रुपयांना विकायला ठेवला. इन्क्रिमेंटल बुलेट हेल म्हणतात त्या प्रकारचा आहे. स्क्रीनभर गोळ्या येतात, त्या चुकवायच्या, मेलं की जमलेल्या नाण्यांतून अपग्रेड घ्यायचे आणि पुन्हा आत जायचं. अडीच-तीन तासांत पूर्ण होतो, आणि तसं मी गेमच्या पानावर आधीच लिहिलंय. १६० जणांनी मत दिलंय, त्यांतल्या ३८ जणांनी अंगठा खाली केलाय. कुणी म्हणतं, ‘रंगात आला आणि संपला’. कुणी म्हणतं, ‘शेवटचा अर्धा तास नुसती नाणी गोळा केली’. एक जण म्हणतो, ‘अपग्रेड घेतल्यावर गोळ्या चुकवायची गरजच राहत नाही’, आणि त्याच्याच खाली दुसरा लिहितो, ‘फारच अवघड, माझ्यासारख्याचं काम नाही’. एकाने तर पूर्ण खेळून, चांगलं मत लिहून पैसे परत घेतले. मी ही मतं ट्रेनमध्ये वाचतो, जेवताना वाचतो, रात्री दोनला उठून वाचतो. पुढच्या अपडेटमध्ये गेम दहा तासांचा करावा असं वाटतंय. प्रत्येकाला उत्तर द्यावं असंही वाटतं. त्यात बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेत, ते विचारतात, ‘गेमवर सरकारने बंदी घातली ना? मग तू हे काय करतोयस?’ त्यांना काय सांगू तेही कळत नाही.
— एक वाचक, ऐरोली

मित्रा,

तुझं पत्र आलं त्या रात्रीच तुझा गेम विकत घेतला. न खेळता तुला काही सांगणं मला पटलं नसतं. तीन रात्री मिळून दोन तास पन्नास मिनिटं लागली आणि शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात दांडगा शत्रू, अकराव्या खेपेला पडला. तेव्हा पुढचं सगळं एका गिऱ्हाइकाचंही मत आहे असं धर.

मी ठाण्यात वाढले. आमच्या लहानपणी स्टेशनजवळ एक व्हिडिओ गेम पार्लर होतं आणि भाऊ शाळेतून येताना तिथे थांबायचा. मुली आत जात नसत, म्हणून मी दोघांची दप्तरं घेऊन दारात उभी राहायचे आणि मुलांच्या खांद्यांवरून स्क्रीन बघायचे. हातातलं नाणं जास्तीत जास्त वेळ पुरावं म्हणून ती मुलं जिवाचं रान करायची, आणि पार्लरवाल्याला ते नाणं लवकर संपायला हवं असायचं. खेळाची किंमत आणि खेळाचा वेळ यांतली ओढाताण मी तिथे पहिल्यांदा पाहिली. तुझ्या गेममध्ये दुसरं नाणं कुणी मागत नाही. एकदा १९९ रुपये दिले की व्यवहार संपला. जाहिरात नाही, ‘आणखी दहा जीव विकत घ्या’ नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. ३८ अंगठ्यांकडे बघता बघता तू स्वतः केलेली ही चांगली गोष्ट विसरून गेलायस.

आता मतांकडे येते. मी सगळी १६० वाचली. पण तू वाचतोस तशी, वरून खाली, आलं तसं नाही वाचली. स्टीमवर प्रत्येक मतासोबत लिहिणारा किती तास खेळलाय ते दिसतं आणि मत लिहिताना किती तास झाले होते तेही दिसतं. मी वही घेतली आणि ती ३८ मतं फक्त त्या तासांप्रमाणे लावली. पाऊण तासाच्या आत सोडून गेलेले तेरा. अडीच तासांच्या पुढचे, म्हणजे जवळजवळ पूर्ण खेळलेले, एकवीस. या दोन्हींच्या मध्ये फक्त चार.

त्या चारवर मी बराच वेळ थांबले. तुझ्या गेमचा मधला मोठा तुकडा जवळपास कुणालाच खटकलेला नाही. जे काही दुखतंय ते सुरुवातीला आणि शेवटाला.

असं का होत असेल? तुझ्या गेमच्या प्रकाराच्या नावात ‘इन्क्रिमेंटल’ आणि ‘बुलेट हेल’ असे दोन भाग आहेत आणि ते दोन वेगळ्या घरांतून आलेत. बुलेट हेल जपानच्या आर्केडमधून, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या पार्लरमधून आलं. तिकडे त्याला दानमाकू म्हणतात, म्हणजे गोळ्यांचा पडदा. १९९३ चा ‘बात्सुगन’ या प्रकाराची सुरुवात मानला जातो आणि १९९७ च्या ‘दोदोनपाची’ने त्याला चेहरा दिला. त्या गेममध्ये यंत्र काही तुझ्यावर दया करत नाही. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत मरणारा माणूस महिन्याभराने तोच टप्पा पार करतो, कारण त्याची नजर तयार झालेली असते. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावरून नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे जाताना तू हेच करतोस. समोरून येणाऱ्या माणसांकडे तू बघत नाहीस, त्यांच्यामधल्या फटीकडे बघतोस. नव्याने ठाण्यात आलेला माणूस तिथे धक्के खातो आणि तू वाट काढून ट्रेन गाठतोस. पूल तेवढाच अरुंद असतो. तू बदललेला असतोस.

इन्क्रिमेंटलचं घर निराळं. फ्रान्सच्या ज्युलियन तिएनोने २०१३ च्या ऑगस्टमध्ये ‘कुकी क्लिकर’ वेबवर टाकला. बिस्किटावर क्लिक करायचं, बिस्किटं जमली की तुझ्या वतीने बिस्किटं बनवणारं काहीतरी घ्यायचं, मग आकडा आपला आपण वाढत जातो. इथे माणूस आहे तसाच राहतो, वाढतो तो आकडा. त्यातही खरं सुख आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून थकलेल्या माणसाला आपलं काहीतरी हमखास वाढताना बघायला मिळतं, याला कमी लेखू नये.

तू ही दोन घरं एकत्र केलीस, म्हणून दोन तऱ्हेची माणसं तुझ्या दारात आली. गोळ्या चुकवायला आलेला म्हणतो, अपग्रेडने सगळं सोपं करून टाकलं. आकडा वाढताना बघायला आलेला म्हणतो, पहिल्या पाच मिनिटांत वीसदा मेलो, हे माझ्यासाठी नाही. तुला ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटली आणि त्यामुळे झोप उडाली. माझ्या मते दोघंही खरं बोलतायत, फक्त गेमच्या वेगवेगळ्या तासांबद्दल. तुझा पहिला अर्धा तास निव्वळ बुलेट हेल आहे. तिथे अपग्रेड इतके महाग आहेत की आकड्याची मजा सुरूच होत नाही. शेवटचा अर्धा तास निव्वळ आकडा आहे. मी दुसऱ्या टप्प्यावर नाणी जमवत बसले होते तेव्हा माझी ढाल आपोआप भरत होती, तोफा आपोआप सुटत होत्या आणि मी एका हाताने चहा पीत होते. त्या पंचवीस मिनिटांत मी मनापासून एकही गोळी चुकवली नाही. ‘नुसती नाणी गोळा केली’ आणि ‘चुकवायची गरजच राहत नाही’ या तुला दोन तक्रारी वाटतात. ती एकच आहे, दोन माणसांनी आपापल्या शब्दांत सांगितलेली.

मधला दीड तास मात्र सुरेख जमलाय. एक अपग्रेड मिळतो, त्याच्या जोरावर आधी अशक्य वाटलेल्या फटीतून जाता येतं, पलीकडे नव्या गोळ्या असतात आणि पुन्हा नजर कमी पडते. आकडा वाढतो आणि माणूसही वाढतो. मला रात्री साडेबाराला लॅपटॉप मिटवावासा वाटला नाही तो याच तासात.

म्हणून माझा सल्ला तुझ्या बेताच्या उलट आहे. गेम दहा तासांचा करू नकोस. आहे त्यातून वीस-पंचवीस मिनिटं काढून टाक.

दहा तास करायला तुला नवे शत्रू, नव्या गोळ्यांच्या रांगा, नवे टप्पे लागतील. एकट्याने, नोकरी सांभाळून, ते आणखी दोन वर्षांचं काम आहे. इतका धीर आत्ता तुझ्यात नाही हे पत्रावरून दिसतंच. मग तू सोपा रस्ता घेशील आणि किमती वाढवशील. हा रस्ता किती निसरडा आहे ते बघ. ‘कुकी क्लिकर’मध्ये एखादी वस्तू घेतली की त्याच प्रकारच्या पुढच्या वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी वाढते. ऐकायला हे थोडं वाटतं. पण पाच खरेद्यांत किंमत दुप्पट होते, दहात चौपट आणि विसाव्याला सोळापटीच्या वर जाते. चक्रवाढ व्याजच ते. तिथे उत्पन्नही त्याच चालीने वाढतं, म्हणून खेळ चालतो. तुझ्याकडे नाणी मिळतात ती शत्रू मारून, आणि एका फेरीत किती शत्रू येणार हे ठरलेलं आहे. किंमत चक्रवाढीने चढते, कमाई सरळ रेषेत जाते. शेवटच्या दोन अपग्रेडना लागलेली माझी पंचवीस मिनिटं इथून आली. हीच पट्टी ताणून दहा तास केलेस, तर आज प्रेमाने ‘रंगात आला आणि संपला’ म्हणणारे उद्या ‘कधी संपतो एकदाचा’ म्हणतील.

शेवटच्या दोन अपग्रेडची किंमत निम्म्याहून कमी कर. आपोआप भरणारी ढाल पूर्ण काढलीस तरी चालेल. माझं मत विचारशील तर काढच. तिच्याऐवजी असा अपग्रेड दे की गोळीच्या अगदी जवळून निसटलं की जास्त नाणी मिळतील. मग शेवटीही नजर लागेल आणि आकड्यावाल्यालाही आकडा मिळेल.

सुरुवातीसाठी एक साधी गोष्ट कर. तुझ्या विमानाचा गोळी लागण्याचा भाग, म्हणजे हिटबॉक्स, मधल्या ठिपक्याएवढाच आहे. हे मला चाळीस मिनिटांनी कळलं. तोवर मी पंख वाचवत होते, ज्यांना काही होतच नव्हतं. ‘तोहो’ ही जपानी बुलेट हेल गेमची मालिका झुन नावाने ओळखला जाणारा एकच माणूस वर्षानुवर्षं बनवतोय. तिच्या नंतरच्या भागांत एक बटण दाबून ठेवलं की पात्र हळू सरकतं आणि हिटबॉक्सचा ठिपका उजळून दिसतो. तू पहिलाच अपग्रेड हा ठेव आणि जवळजवळ फुकट दे. सोडून गेलेल्या तेरापैकी कित्येक जण ‘अवघड’ म्हणतायत ते मला तरी या ठिपक्यामुळेच वाटतं. आणि तुझ्या स्वतःच्या गोळ्या इतक्या चमकतात की शत्रूच्या दिसत नाहीत. आपल्या फिक्या कर, त्यांच्या ठळक कर. लाल आणि हिरवा ही जोडी तर नकोच, तो फरक डोळ्यांना न दिसणारे लोक कमी नाहीत.

आता ‘लवकर संपला’ या शब्दांबद्दल, कारण तुला सगळ्यात जास्त तेच लागलेत. तू ठाण्याजवळ राहतोस, गडकरी रंगायतनला एखादी तरी एकांकिका पाहिली असशील. पाऊण तासात पडदा पडतो. बाहेर पायऱ्यांवर लोक म्हणत असतात, ‘अरे, अजून चालायला हवी होती.’ म्हणून कुणी लेखकाला ती तीन अंकी कर असं सांगायला जात नाही, आणि तो करतही नाही. ‘लवकर संपला’ लिहिणाऱ्यांतल्या अकरा जणांनी अंगठा वर केलाय, हे तू बघितलंस का? मी मोजले. बाकीच्यांत काहींनी रुपये भागिले तास असा हिशोब मांडलाय. तो त्यांचा हक्क आहे, १९९ रुपये प्रत्येकाला सारखे नसतात. कॉलेजातल्या मुलाला तेवढ्या पैशांत महिनाभर पुरणारा गेम हवा असेल, तर त्याने तुझा घेऊ नये हेच बरं. तू लांबी पानावर लिहिली आहेस, पण खाली, स्क्रोल केल्यावर दिसते. ती पहिल्या ओळीत आण.

स्वस्त म्हणजे हलका, ही भीतीही मनातून काढ. लुका गॅलान्टेने ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ डिसेंबर २०२१ मध्ये स्टीमवर आणला तेव्हा त्याची किंमत तीन डॉलरच्या आत होती. गोळ्यांचा पडदा खेळणाऱ्याच्याच हातात देणारा तो गेम. २०२३ मध्ये त्याला बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला, प्रचंड खर्चाने बनलेले गेम स्पर्धेत असताना.

पैसे परत घेणाऱ्याचं दुःख मला कळतं. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास व्हायच्या आत मागितले तर स्टीम पैसे परत देतं. छोटा गेम तेवढ्यात भराभर संपवता येतो. २०२१ मध्ये ‘समर ऑफ फिफ्टीएट’ या साधारण दीड तासाच्या भयगेमच्या निर्मात्याने याच कारणाने गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. लोक खेळून संपवायचे, चांगलं लिहायचे आणि पैसेही परत घ्यायचे. त्याची वेदना खरी होती. तरी तुला सांगते, दोन तासांची रेघ ओलांडायची म्हणून पाणी घालू नकोस. मी सांगितलेली काटछाट केलीस तर तू त्या रेघेच्या आणखी जवळ जाशील, हे मला ठाऊक आहे. चार जण उठून जातील. पण त्या चौघांना अडवायला उरलेल्या सगळ्यांना अर्धा तास कंटाळा द्यायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

उत्तरं देण्याबद्दल. प्रत्येक मताखाली निर्मात्याला एक अधिकृत उत्तर लिहिता येतं. ते फक्त दोन वेळा लिही. एक, कुणी बग सांगितला आणि तू तो दुरुस्त केलास तेव्हा. ‘दुरुस्त केलं, आभार’ एवढंच. दोन, कुणाचा गैरसमज झालाय आणि एका वाक्यात तो दूर होतो तेव्हा. ज्याला आवडला नाही त्याला तो कसा आवडायला हवा होता हे पटवायला जाऊ नकोस. पुढे गेम घ्यायला येणारे तुझी उत्तरंच आधी वाचतील.

आणि ट्रेनमधलं वाचन थांबव. ठाण्याहून ऐरोली म्हणजे मध्ये एक दिघा गाव स्टेशन. एवढ्याशा वेळात तू रोज पाच मतं वाचतोस आणि त्यांतलं वाईट तेवढं घेऊन घरी उतरतोस. आठवड्यातून एक वेळ ठरव, शनिवारी सकाळी म्हण, टेबलावर वही उघडी ठेवून. मत, तास, गेमचा कोणता भाग, एवढं लिही. फोनवरून स्टीम काढून टाक. जे काहीच लिहीत नाहीत त्यांच्याकडेही बघ. तुझ्या अचिव्हमेंटच्या पानावर किती टक्के खेळणाऱ्यांनी कोणता टप्पा पार केला ते सगळ्यांना दिसतं. तिसऱ्या बॉसपर्यंत टक्केवारी हळूहळू उतरते आणि शेवटच्या दोन अपग्रेडपाशी एकदम खाली येते. ते आकडे १६० जणांच्या पलीकडच्या, न बोलणाऱ्या लोकांचे आहेत आणि तेही मी वर लिहिलं तेच सांगतायत.

बाबांचा प्रश्न वाजवी आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याच्या बातम्या घरोघरी पोहोचल्या. बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. डाव न लावता, एकरकमी किंमत देऊन करमणुकीसाठी खेळायचे गेम त्या बंदीत येत नाहीत. त्यांना इतकंच सांग की तुझ्या गेममध्ये कुणी पैसे लावत नाही आणि कुणी हरत नाही. दुकानातून कॅरम विकत घ्यावा तसं लोक तो घेतात.

पण सांगण्यापेक्षा एक कर. येत्या रविवारी बाबांना लॅपटॉपसमोर बसव आणि गेम सुरू करून दे. ज्यांनी आयुष्यभर मशिनवर हात ठेवून बिघाड ओळखले, त्यांना कुठे काय अडकतंय हे कळेल, भले त्यांना गेमचं नाव उच्चारता येवो न येवो. ते वीसदा मरतील. तू शेजारी वही घेऊन बस. काही सांगू नकोस, बटण दाखवू नकोस, माऊसला हात लावू नकोस. ते कुठे थांबतात, कुठे पुढे वाकतात, कुठे चष्मा काढून पुसतात, ते वेळेसकट लिही. त्या पानाचा फोटो मला पाठव, मग आपण सुरुवातीच्या अर्ध्या तासाचं बघू.

तुझी,
ताई